कुस्कोहून पुनोला, थांबत थांबत

पेरूमध्ये कुस्कोहून पुनोला जायचे तीन मार्ग आहेत. साधी बस सहा-सात तासांत पोहोचवते आणि बहुतेक जण ती रात्रीची धरतात. आगगाडी आहे, पण तिचं भाडं ऐकून आमच्यासारख्यांनी पुढचं विचारू नये. तिसरी ही पर्यटक बस. सकाळी सातच्या आसपास निघते, वाटेत चार-पाच ठिकाणी उतरवून दाखवते, दुपारी जेवू घालते आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला पुनोत सोडते. परत मात्र आणत नाही. चारशे किलोमीटरला थोडं कमी असलेल्या या रस्त्याला तिथं ‘रुता देल सोल’ म्हणतात, म्हणजे सूर्याचा रस्ता.

मी आणि माझी मोठी बहीण, दोघींनी ही तिसरी बस घेतली. पुनोहून आम्हाला पुढे बोलिव्हियात उतरायचं होतं, त्यामुळे कुस्कोला परतायचा प्रश्न नव्हता. ताईचं म्हणणं सरळ होतं: “इतक्या लांब आलो आणि रात्रीच्या अंधारात डोळे मिटून तो रस्ता पार केला, तर मग आलो कशाला?” मला ते पटलं, आणि आता कुणी विचारलं तर मीही हेच सांगते.

तिकिटाचं आधी सांगते, कारण गोंधळ तिथंच होतो. कुस्कोच्या मुख्य चौकाच्या आजूबाजूला पावलापावलावर एजन्सी आहेत आणि त्याच बसची तीच सीट प्रत्येक ठिकाणी वेगळ्या भावाला मिळते. आम्ही चालत थेट बस कंपनीच्या कार्यालयात गेलो. तिथं तीन गोष्टी विचारून घ्यायच्या. जेवण धरलंय का, गाइड इंग्रजीत बोलणार का, आणि प्रवेशशुल्क धरलंय का. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. चर्च, अवशेष, संग्रहालय यांची तिकिटं जागेवर, रोख सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात, काढावी लागतात आणि मोठी नोट मोडून मिळेलच असं नाही. चौथा प्रश्न निघायच्या आदल्या संध्याकाळी विचारायचा: उद्या रस्ता चालू आहे ना? दक्षिण पेरूत ‘पारो’ वरचेवर होतात. म्हणजे बंद आणि रास्ता रोको. तो लागला की बस कुणाचीही असो, हलत नाही.

या बसेस मोठ्या स्थानकावरून न सुटता बहुधा कंपनीच्या स्वतःच्या आवारातून सुटतात, म्हणून पत्ता लिहून घ्यावा. सकाळी सामान खाली डिकीत गेलं, पावतीचा अर्धा तुकडा हातात आला. एकाच दिशेच्या प्रवासाची ही सोय मला फार आवडली. सगळं बिऱ्हाड पोटात घेऊन बस चाललेली असते. संध्याकाळी परत कुठल्या हॉटेलवर पोहोचायचंय ही टोचणी नसते, त्यामुळे मन पुढच्या वळणाकडे मोकळं राहतं.

कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि पुनो ३,८०० मीटरवर. मधली खिंड ४,३०० मीटरच्या वर जाते. विमानतळावरून उतरून दुसऱ्या दिवशी या बसमध्ये बसू नये. आम्ही आधी कुस्कोत चांगलं राहून घेतलं होतं, तरी बसमध्ये बसल्या बसल्या कोकाच्या पानांचा चहा आला तो दोघींनी निमूट प्यायला. ऑक्सिजनचा सिलिंडर पुढच्या सीटमागे बांधलेला होता. दिवसभरात तो एका वयस्कर गृहस्थांना लागला, खिंडीच्या जरा अलीकडे.

शहर संपतं तशी ओरोपेसाची पावाची दुकानं सुरू होतात. ताटाएवढे गोल, चपटे, किंचित गोडसर पाव. बस थांबली नाही, पण खिडकीतून वास आला. पुढे उजवी-डावीकडे इतिहास असा पसरलाय की थांबायचं म्हटलं तर आठवडा पुरणार नाही. पिकिलाक्ता हे इंकांच्याही आधीच्या वारी लोकांचं शहर. त्याच्या पुढे रुमिकोल्काची दगडी वेस. मुळात वारींचा जलसेतू, त्यावर इंकांनी आपले घोटीव दगड चढवून कुस्कोचं प्रवेशद्वार केलं. त्यावेळी लक्षात येतं, की आपण ज्या डांबरी रस्त्यावरून चाललोय तो साधारण त्याच वाटेनं जातो ज्या वाटेनं इंकांचा दक्षिणेकडचा राजरस्ता जात होता. इंकांच्या या रस्त्यांच्या जाळ्याला, खापाक न्यानला, २०१४ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आमच्या गाइड बाईंनी हे सुरुवातीलाच सांगितलं ते बरं झालं. दिवसभर प्रत्येक थांबा सुटा सुटा न वाटता एका ओळीत आला.

पहिला थांबा आंदावायलियास. गावाच्या चौकात पिसोनायची जुनी, प्रचंड झाडं आहेत. ताईनं खाली पडलेलं एक फूल उचललं आणि म्हणाली, “अगं, हा तर पांगाराच!” तिचं बरोबर होतं. पिसोनाय पांगाऱ्याच्याच कुळातला आहे, तोच लालभडक रंग, तीच वाकडी पाकळी. झाडं मात्र आपल्या पांगाऱ्यापेक्षा कितीतरी भारदस्त.

चर्च बाहेरून मातीच्या विटांचं, पांढरं, अगदी साधं. आत पाऊल टाकलं की छत, भिंती, वेदी, सगळीकडे रंग आणि सोन्याचा मुलामा. ‘अमेरिकेचं सिस्टिन चॅपल’ असं याचं वर्णन प्रत्येक माहितीपत्रकात असतं. मला ते उगीच वाटतं, कारण या जागेला दुसऱ्या कुणाचं नाव लावायची गरज नाही. आत फोटो काढू देत नाहीत, आणि त्यामुळे आमच्या बसमधले सगळेच जण मान वर करून खरोखर बघत होते.

दाराच्या आतल्या बाजूला, बाहेर पडताना समोर येईल अशा भिंतीवर, स्वर्गाचा आणि नरकाचा रस्ता रंगवलाय. नरकाकडे जाणारी वाट रुंद आणि फुलांनी भरलेली, स्वर्गाची अरुंद आणि काट्यांची. चित्रकार लुइस दे रियान्यो, काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध. कल्पना युरोपातल्या एका छापील चित्रावरून घेतलेली, पण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना एका नजरेत कळावं म्हणून भिंतीएवढी केलेली.

मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती मात्र बाप्तिस्म्याच्या खोलीच्या दारापाशी. त्या दाराभोवती ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुझा बाप्तिस्मा करतो’ हे वाक्य पाच भाषांत लिहिलंय: लॅटिन, स्पॅनिश, केचुआ, आयमारा आणि पुकिना. पुकिना आज कुणीही बोलत नाही. तितिकाका तळ्याच्या परिसरात एकेकाळी मोठी असलेली ही भाषा संपून गेली आणि तिचं फार थोडं लेखन मागे उरलं. त्यातली एक ओळ इथं, एका खेड्यातल्या दारावर. हे करवून घेणारे इथले पाद्री हुआन पेरेस बोकानेग्रा केचुआचे जाणकार होते. त्यांनी १६३१ मध्ये छापलेल्या धर्मविधींच्या ग्रंथात केचुआतलं एक चार आवाजांचं स्तोत्र आहे, आणि अमेरिका खंडात छापलेली ती पहिली बहुस्वरी रचना मानली जाते. धर्म लादायला आलेल्या माणसांनीच लोकांच्या भाषा अशा बारकाईनं शिकून घेतल्या, लिहून ठेवल्या, आणि त्याच राजवटीत त्यांतल्या काही मेल्याही. त्या दारासमोर दोन्ही गोष्टी एकदमच मनात येतात, आणि मला त्यातली एक बाजूला ठेवता आली नाही.

इथं वेळ कमी मिळतो. अर्धा-पाऊण तास. तिकिटाच्या रांगेत त्यातला काही जातो, म्हणून गाइडच्या मागोमाग लगेच उतरावं. जवळच्या हुआरो गावातल्या चर्चमध्ये तादेओ एस्कालान्तेनं रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, पण बस तिथं थांबत नाही.

उर्कोसचं तळं खिडकीतून दिसलं. इंका राजपुत्र वास्कारची सोन्याची अजस्र साखळी स्पॅनिशांच्या हाती लागू नये म्हणून या तळ्यात टाकली, अशी दंतकथा आहे. याच गावातून एक रस्ता डावीकडे फुटतो आणि अँडीज ओलांडून थेट जंगलात, पुढे ब्राझीलपर्यंत जातो. आमची बस विल्कानोता नदीच्या काठानं वर वर जात राहिली. मका, बटाटा, वालाची शेतं, निलगिरीच्या रांगा, मातीच्या विटांची घरं.

राक्चीला पोहोचलो तेव्हा ऊन कडक झालं होतं. हा दिवसाचा सर्वांत मोठा थांबा, आणि असायलाच हवा. वीराकोचा देवाचं मंदिर ९२ मीटर लांब आणि २५ मीटरच्या वर रुंद होतं. आज उभी आहे ती मधली उंच भिंत. खाली काळसर ज्वालामुखीचा दगड, इंकांच्या पद्धतीनं एकात एक बसवलेला, आणि त्यावर कच्च्या विटांचं बांधकाम. भिंतीच्या दोन्ही अंगांना अकरा-अकरा गोल खांब होते. त्यांवर एकच मोठं दुपाखी छप्पर. इंकांनी बांधलेल्या छपरांत ते सर्वांत मोठं असावं असं मानतात. खांबांचे आता बुंधेच उरलेत, एखादाच उंच उभा आहे. पावसानं माती वाहून जाऊ नये म्हणून भिंतीच्या माथ्यावर अलीकडे छोटी कौलारू टोपी घातली आहे.

मी त्या भिंतीला अगदी जवळून पाहिलं. विटांत गवताच्या काड्या दिसतात. कुणीतरी पाचशे वर्षांपूर्वी चिखलात मिसळलेलं गवत, अजून पिवळसर. दगडाचा सांधा आणि हा सांधा यांत केवढा फरक! एक हजारो वर्षं टिकायला केलेला, दुसरा दर पावसाळ्यानंतर माणसाच्या हाताची वाट बघणारा. आणि तरी तोही उभा आहे.

मंदिर इथंच का, याचं उत्तर आजूबाजूला पडलेलं आहे. गावाच्या डोक्यावर किन्साचाता हा ज्वालामुखी आहे आणि काळ्या लाव्ह्याचे दगड शेतात, बांधावर, घराच्या भिंतीत सगळीकडे आहेत. स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवलेली कथा अशी: वीराकोचा देव माणसाच्या रूपात इथं आला, लोक त्याला मारायला धावले, त्यानं आकाशातून आग पाडली आणि डोंगर पेटला. लोक शरण आल्यावर त्यानंच ती विझवली. मग त्याच्यासाठी इथं देऊळ उभं राहिलं. कथा ऐकताना पायाखालचा जळका दगड हातात घेता येतो.

मंदिरामागे कोल्का आहेत, गोल दगडी कोठारं. दीडशेच्या वर. ओळीनं आखलेली, काहींवर पुन्हा गवताचं छप्पर घातलेलं. मका, वाळवून-गोठवून टिकवलेला बटाटा, कापड असा साठा यांत असायचा आणि राजरस्त्यानं जाणाऱ्या फौजेला, दुष्काळातल्या गावांना तो पुरायचा. बहुतेक जण मंदिराचा फोटो काढून चौकातल्या मातीच्या भांड्यांकडे वळतात. तसं करू नका. कोठारांच्या रांगेत आत चालत जा. हे राज्य कशावर चालत होतं ते देवळापेक्षा तिथं जास्त कळतं. भांडी बघायची असतील तर शेवटची दहा मिनिटं राखावीत. राक्चीचे कुंभार नावाजलेले आहेत आणि विकणाऱ्या बायका बहुधा स्वतःच कसबी असतात.

याच भागात तिंता गाव आहे. तिथं बस थांबत नाही, गाइडनं एका वाक्यात उल्लेख केला आणि जेवणाच्या सूचना सुरू झाल्या. मला ते लागलं. होसे गाब्रिएल कोंदोरकांकी, ज्यांनी तुपाक आमारू हे नाव घेतलं, ते इथले. खेचरांचे तांडे घेऊन याच रस्त्यानं पोतोसीच्या चांदीच्या खाणींकडे मालवाहतूक करायचे. गावोगावच्या माणसांना सक्तीनं खाणीत नेलेलं त्यांनी याच वाटेवर पाहिलं. ४ नोव्हेंबर १७८० ला त्यांनी तिंताच्या जुलमी कोरेहिदोरला, म्हणजे स्पॅनिश अंमलदाराला, पकडलं आणि उठाव सुरू झाला. १८ मे १७८१ ला कुस्कोच्या मुख्य चौकात त्यांना, त्यांची पत्नी मिकाएला बास्तिदास यांना आणि मुलाला ठार मारण्यात आलं. ज्या चौकात आम्ही बसचं तिकीट शोधत फिरलो, तोच चौक. सांस्कृतिक स्थळं दाखवणाऱ्या बसनं इथं पाच मिनिटं तरी उभं राहायला हवं. अभिप्रायाच्या कागदावर मी हे स्पष्ट लिहिलं.

सिक्वानीला जेवण. बुफे. किनोआचं सूप, उकडलेले बटाटे, भात, भाज्या, आणि मांसाहार करणाऱ्यांना अल्पाकाचं, म्हणजे तिथं लोकरीसाठी पाळतात त्या प्राण्याचं, मांस. कमी खावं, कारण यापुढे चढ आहे.

झाडं हळूहळू संपतात. शेती संपते. उरतं ते इचू नावाचं ताठ पिवळं गवत आणि त्यात चरणारे अल्पाका. ला रायाची खिंड म्हणजे कुस्को प्रांताची हद्द संपून पुनोची सुरू होते ती जागा. समोर चिंबोया शिखराचं बर्फ, बाजूला लोहमार्ग. हाच मार्ग १९०८ मध्ये कुस्कोला पोहोचला. वारा असा की टोपी हातानं धरून ठेवावी लागते.

इथं पाणी दोन बाजूंना वाटलं जातं. उत्तरेच्या उतारावरचा ओहोळ विल्कानोताला मिळतो. तीच नदी पुढे उरुबांबा होऊन माचू पिक्चूच्या पायथ्याशी वळसा घालते, मग उकायाली, मग अॅमेझॉन आणि शेवटी अटलांटिक. दक्षिणेकडचं पाणी तितिकाकात जातं आणि ते कुठल्याच समुद्राला मिळत नाही. तळ्यातून थोडंसं देसाग्वादेरो नदीवाटे पुढे सरकतं, बाकी बरंचसं उन्हावाऱ्यात विरून जातं. सकाळपासून ज्या नदीच्या उलट दिशेनं आलो तिचा उगम या डोंगरांत आहे हे ऐकलं आणि मी उत्तरेच्या बाजूला बघत राहिले. बाकीचे अल्पाकाबरोबर फोटो काढत होते. थांबा पंधरा मिनिटांचाही नव्हता.

ताई विणकाम करते, त्यामुळे ती सरळ स्वेटर विकणाऱ्या बायकांकडे गेली. एका आजीबाईंच्या हातात चाती फिरत होती. बोलणं चालू, हिशोब चालू, आणि बोटांतून सूत अखंड उतरतंय. ताईनं खुणेनं विचारून ती चाती हातात घेतली. दोन वेढ्यांत धागा तुटला. आजी हसल्या, तुटलेली टोकं थुंकी लावून जोडली आणि ताईची बोटं धरून पीळ कुठल्या बाजूला द्यायचा ते दाखवलं. पुढच्या वेळी हातभर सूत निघालं. आमच्या गाइड बाई केचुआत त्यांच्याशी बोलल्या, आजी काहीतरी म्हणाल्या. “म्हणतात, हिला इथंच ठेवा,” असं त्यांनी भाषांतर करून सांगितलं. स्वेटर मात्र नीट बघून घ्यावेत. ‘बेबी अल्पाका’ म्हणून सांगितलेल्यांत कृत्रिम धाग्याची मिसळ पुष्कळ असते. ताईनं आजींच्या चातीवरचं तसलंच सूत, एक लड, घेतलं.

खिंडीनंतर जग सपाट होतं. आल्तिप्लानो, म्हणजे उंचावरचं पठार. आभाळ फार जवळ आल्यासारखं. पुकाराचा थांबा चारच्या अलीकडे येतो, लोक दमलेले असतात, बरेच जण खाली उतरतच नाहीत. त्यांचं नुकसान होतं. इथली संस्कृती इंकांपेक्षा हजारभर वर्षांनी जुनी. छोट्याशा संग्रहालयात दगडी मूर्ती आहेत आणि त्यांतली ‘हातुन न्याकाक’ विसरता येत नाही. बसलेला पुरुष, एका हातात शस्त्र, दुसऱ्या हातात कापलेलं डोकं. आकारानं मोठी नाही, पण डोळे असे की त्या खोलीत आवाज आपोआप खाली येतो.

बाहेर घरांच्या छपरांवर मातीच्या बैलांची जोडी दिसते, मध्ये क्रूस. घराला बरकत यावी, घर सुखरूप राहावं म्हणून. हे ‘पुकाराचे बैल’ सगळ्या पेरूत प्रसिद्ध आहेत, पण ते घडवले जात जवळच्या चेका पुपुहा गावात, आणि विकले जात पुकाराच्या रेल्वे स्थानकावर. गाडीतल्या प्रवाशांनी स्थानकाचं नाव लावलं आणि ते चिकटलं. बैल हा प्राणीही स्पॅनिशांबरोबर आलेला. आम्ही तळहातावर मावतील असे दोन घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळून ताईच्या मांडीवर.

हुलियाकात वाहतुकीत अडकलो. तीनचाकी मोटोटॅक्सी, अर्धवट बांधलेली घरं, धूळ. बस तिथं थांबत नाही. मग एक चढ, आणि डाव्या हाताला तितिकाका. या दिशेनं येताना डावीकडची सीट मागून घ्या, एवढंच सांगते. तळं ३,८१२ मीटरवर आहे आणि पलीकडचा काठ दिसत नाही.

पुनोच्या स्थानकावर पावतीचे तुकडे जुळवून सामान मिळालं. ऊन उतरताच थंडी एकदम पडते, म्हणून जाकीट डिकीतल्या पिशवीत न ठेवता अंगाशी ठेवावं. उलट्या दिशेची बसही रोज सकाळी पुनोहून सुटते. बोलिव्हियातून येणाऱ्यांना ती सोयीची. पण पेरूत नुकतंच उतरला असाल तर कुस्कोहूनच निघा. फुप्फुसांना चढायला वेळ मिळतो, आणि मोठी चर्च-मंदिरं सकाळी, डोकं ताजं असताना पाहून होतात. हॉटेलवर पोहोचल्यावर ताईनं आधी बैल उलगडून बघितले. एकाचं शिंग जरासं टवकलं होतं. ते तिनं तिथंच खिडकीत, तळ्याकडे तोंड करून ठेवले आणि सुताची लड काढून गुंडी करायला बसली.